मागचा लाइट लागत नाही? बल्ब बदलण्याआधी करंटचा परतीचा रस्ता तपासा



जुन्या गाड्यांचं काम घेणाऱ्या छोट्या गॅरेजवाल्यांसाठी आपली मालिका चालू आहे. या वेळचा विषय दिसायला अगदी किरकोळ, मागचे लाइट. पण याच किरकोळ कामात नफा कसा पातळ होतो ते तुम्हाला ठाऊक असेल. इंजिन झालं, डेंटिंग-पेंटिंग झालं, सीटा शिवून आल्या, क्रोम चकाकतंय. शनिवारी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार आणि शुक्रवारी संध्याकाळी ब्रेक दाबल्यावर डावा लाइट मंद, वर नंबरप्लेटचा दिवा उगाचच लुकलुकतोय. मग बल्ब बदल, होल्डर बदल, फ्यूज बदल. दोन दिवस जातात. ते दोन दिवस बिलात कुठल्या ओळीत लिहिणार?

व्हिडिओत मीटर कुठे लावायचा ते दाखवलं आहे. त्यामागचं गणित आणि पैशाचा हिशेब इथे सावकाश लिहितो.

उदाहरण आपल्या पद्मिनीचं घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सी धावत होती तोवर तिचं वायरिंग डोळे मिटून करणारे हात गल्लीगल्लीत होते. आता गाड्या हौशी लोकांकडे उरल्या, काम नव्या पोरांकडे आलं. हौशी गिऱ्हाईक पैसे देतं, पण हिशेबही विचारतं. म्हणून अंदाजाने काम करणं आता परवडत नाही.

जाताना वायर, येताना पत्रा

बॅटरीच्या प्लसपासून करंट निघतो, फ्यूजमधून, स्विचमधून, लांबलचक हार्नेसमधून मागे डिकीपर्यंत येतो आणि बल्बमध्ये शिरतो. इथपर्यंतचा रस्ता सगळे तपासतात, कारण तो वायरचा आहे, डोळ्यांना दिसतो. पण बल्बमधून बाहेर पडलेल्या करंटला बॅटरीच्या मायनसपर्यंत परत जायचं असतं. आणि परतीच्या रस्त्याला बहुतेक ठिकाणी वायरच नाही. होल्डरची पितळी वाटी, तिचा लॅम्पच्या पत्र्याशी सांधा, लॅम्पचा बॉडीशी सांधा, मग आख्खी बॉडी आणि शेवटी बॅटरीची जाड पट्टी. चार-पाच सांधे झाले. पन्नास वर्षांचा गंज आणि कोकणपट्टीची खारी हवा नेमकी या सांध्यांत बसते.

आता रिस्टोरेशनची गंमत बघा. गाडी आली तेव्हा लाइट लागत होता, तुम्ही रंग दिल्यावर बंद पडला. गिऱ्हाईक म्हणणार, तुम्हीच बिघडवला. बिघडवला कोणीच नाही. पूर्वी लॅम्पचा स्क्रू उघड्या पत्र्याला टेकत होता, आता खाली प्रायमर, पुटी आणि रंगाचे थर आहेत. रंग म्हणजे इन्सुलेशन. लॅम्पखाली नवं रबर गॅस्केट घातलंत, त्यानेही उरलासुरला संपर्क तोडला. काम जितकं सफाईदार, तितका अर्थ जाण्याचा धोका जास्त. हे गिऱ्हाइकाला गाडी घेतानाच सांगून ठेवायचं, नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

भुताटकीची लक्षणं

अर्थ गेलेला असला की गाडी विचित्र वागते. ब्रेक दाबला की टेललाइट विझतो. इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा फडफडतो. पार्किंग लाइटचा स्विच बंद असताना ब्रेक दाबला तर पुढचे पार्किंगचे दिवे मिणमिणतात. अशा वेळी हार्नेसमध्ये वायरी एकमेकींना चिकटल्या असं समजून आख्खा हार्नेस सोलणारे लोक आहेत. सोलू नका.

हे होतं कसं? ब्रेक आणि टेल यांचा बल्ब बहुतेक एकच असतो, आत दोन तारा, २१ वॅटची ब्रेकसाठी आणि ५ वॅटची टेलसाठी. दोघींची परतीची वाट एकच, बल्बची पितळी टोपी. ती वाट बंद झाली की ब्रेकच्या तारेतून आलेला करंट अडकतो. मग तो ५ वॅटच्या तारेतून उलटा शिरतो, टेलच्या वायरने मागे जातो आणि त्या वायरला जोडलेल्या दुसऱ्या दिव्यांमधून, म्हणजे उजवा टेल, नंबरप्लेट, पुढचे पार्किंग, जिथे अर्थ शाबूत असेल तिथून बॅटरीकडे निघून जातो. पाणी तुंबलं की शेजाऱ्याच्या अंगणातून वाट काढतं, तसंच. म्हणून एक नियम लक्षात ठेवा. भलताच दिवा लागत असेल तर जो दिवा मंद आहे त्याचा अर्थ आधी तपासा.

तपासायला दोन मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली वायर घ्या. एक टोक होल्डरच्या पितळी वाटीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. ब्रेक दाबून ठेवायला माणूस नसेल तर सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवा. लाइट झपकन भरून आला तर निदान झालं, चहा सांगा. नाही आला तर पुढे चला.

बल्बचं आधी बघून घ्या, तो भाग लवकर संपतो. दोन तारांच्या बल्बच्या टोपीवरच्या पिना एका उंचीवर नसतात, एक वर एक खाली, म्हणजे तो उलटा बसू नये. पण जुन्या सैल होल्डरमध्ये पोरं तो दाबून उलटा बसवतात. मग टेलच्या जागी २१ वॅटची तार जळते आणि ब्रेक दाबला तर ५ वॅटची. मागच्या गाडीवाल्याला तुम्ही ब्रेक मारलाय हे कळतच नाही. घाटात रात्री याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

मीटर खोटं बोलत नाही, पण प्रश्न बरोबर विचारावा लागतो

इथे बहुतेक जण फसतात. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावतात, १२.४ व्होल्ट दिसतात आणि सप्लाय ओके म्हणून मोकळे होतात. किंवा कंटिन्युइटीवर लावतात, बीप वाजतो, अर्थ ओके. दोन्ही चाचण्या फसव्या आहेत. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. वायरच्या वीस धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असला तरी तो मीटरला पूर्ण १२.४ दाखवेल आणि बीपही वाजेल. पण २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. तेवढा करंट गंजलेल्या सांध्यातून नेला की व्होल्टेज तिथेच पडतं. म्हणून मोजमाप बल्ब लावून, लाइट चालू ठेवूनच करायचं. याला व्होल्टेज ड्रॉप काढणं म्हणतात.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. पाच-सहा मीटरची साधी वायर मीटरच्या काळ्या दांडीला जोडून बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. वायर लांब असली तरी चालते, कारण तिच्यातून करंट नाहीच जवळपास. ब्रेक दाबलेला. लाल दांडी होल्डरच्या वाटीवर टेकवा. आदर्श अर्थ असेल तर शून्याच्या जवळ दिसेल. ०.१, ०.२ पर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं तर परतीच्या रस्त्यात तेवढे व्होल्ट हरवतायत.

एक नमुना हिशेब मांडतो. ब्रेक दाबलेला असताना बॅटरीवर १२.४. होल्डरच्या वाटीपासून बॅटरी मायनसपर्यंत २.९. बॅटरी प्लसपासून बल्बच्या तळाच्या टिकलीपर्यंत ०.४. मग बल्बच्या वाट्याला किती आले? १२.४ मधून २.९ आणि ०.४ वजा करा, ९.१ राहिले. तिन्ही आकड्यांची बेरीज बॅटरीच्या आकड्याशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर दांडी नीट टेकली नव्हती, परत मोजा.

९.१ व्होल्ट ऐकायला बरे वाटतात, पाऊण भाग तर मिळतोय. पण तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप झपाट्याने पडतो. पाऊण व्होल्टेजला प्रकाश जेमतेम एक तृतीयांश उरतो, आणि तोही पिवळट. म्हणून “लाइट लागतो की, जरा मंद आहे” हे वाक्य आपल्या गॅरेजमध्ये चालवून घेऊ नका. उन्हात तो लाइट दिसतच नाही.

वरच्या उदाहरणात दोष कुठे ते आकड्यानेच सांगितलं. जाण्याच्या रस्त्यावर ०.४, परतीच्या रस्त्यावर २.९. आता लाल दांडी एकेक सांधा पुढे सरकवा. वाटीवर २.९, लॅम्पच्या पत्र्यावर २.८, शेजारच्या बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर ०.१. म्हणजे सगळा घोळ लॅम्प आणि बॉडी यांच्यामधला, रंगाचा. होल्डर नवा आणून काहीही फरक पडला नसता. बॉडीवरही २.७ दिसले असते तर बॅटरीची पट्टी जिथे बॉडीला बसते तो बोल्ट उघडून बघायचा. तिथेही रंग गेलेला असतो, आणि तेव्हा फक्त मागचे नाही, गाडीतले सगळेच दिवे मंद असतात.

दुरुस्ती साधी आहे. दोन्ही लॅम्पच्या होल्डरपासून स्वतंत्र काळी वायर काढा, दीड स्क्वेअर एमएमची पुरते. डिकीच्या आत, दिसणार नाही अशा जागी, एक बोल्ट निवडा. त्याच्याभोवतीचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. वायरला रिंगचं थिंबल प्लायरने नीट दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि वरून व्हॅसलीन किंवा रंगाचा हात द्या म्हणजे परत गंज धरणार नाही. “ओरिजिनल गाडीत ही वायर नव्हती” असं एखादं चोखंदळ गिऱ्हाईक म्हणेल. म्हणू दे. स्पर्धेच्या गाडीला ती हार्नेसच्या टेपखाली लपवा, पण घाला.

दोष जाण्याच्या रस्त्यावर असेल तर

आधी विचारा, एक की दोन्ही? दोन्ही ब्रेकलाइट बंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे फ्यूज, ब्रेकस्विच किंवा मागे येणारी एकच वायर. एकच बंद असेल तर फाटा फुटल्यानंतर. नुसत्या या प्रश्नाने अर्धी गाडी तपासायची वाचते. मग अधल्यामधल्या ठिकाणी, डिकीतल्या कनेक्टरवर, मोजा. तिथे व्होल्टेज भरपूर असेल तर पुढचा भाग निर्दोष, नसेल तर मागचा निर्दोष.

ब्रेकस्विचबद्दल थोडं. अनेक जुन्या गाड्यांत तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. वय झालं की जोरात पेडल मारल्याशिवाय लागत नाही, हळू ब्रेक दाबताना मागे अंधार. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून बघा. लाइट लागला तर स्विच गेलेला. पण कोटेशन देताना सावध. हा स्विच खोलला की ऑइल गळतं, लाइनमध्ये हवा शिरते, म्हणजे ब्रेक ब्लीड करावे लागणार. स्विचची किंमत लावलीत आणि ब्लीडिंगचा तास विसरलात की गेला नफा.

फ्यूजमध्येही जुन्या युरोपियन घाटाच्या गाड्यांत टोकदार चिनी मातीचे फ्यूज असतात, वर उघडी पट्टी. फ्यूज उडालेला नसतो, पण टोकांवर आणि पकडीवर हिरवट-काळा थर असतो. फ्यूज नुसता गोल फिरवला की लाइट लागतो आणि आठवड्याने परत बंद. पॉलिश पेपरने पकडी घासा, सैल असतील तर बॅटरी काढून हलक्या हाताने आत वाकवा.

फ्यूज खरंच उडत असेल तर मोठा घालू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद तर अजिबात नाही. तो कागद वितळत नाही, मग वायर वितळते, आणि या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागेच असते. शॉर्ट शोधायचा स्वस्त उपाय असा. त्या सर्किटचे सगळे बल्ब काढा. फ्यूजच्या जागी होल्डरसकट एक २१ वॅटचा बल्ब जोडा. स्विच चालू केल्यावर हा बल्ब जळला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागतेय. आता हार्नेस हातभर हातभर हलवत जा, डिकीच्या बिजागरीजवळ आणि पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे खास. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो तिथे तुमचा शॉर्ट. रबर ग्रोमेट नसलेलं भोक हा नेहमीचा गुन्हेगार, आणि ग्रोमेट मिळतं चार-दोन रुपयांत. डाग लावायला सोल्डरिंगचं काम असेल तर बॅटरी सोडवा आणि पेट्रोलचा वास येत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा.

जुनी वायर ठेवायची की हार्नेस नवा करायचा? एक वायर बोटाभोवती गुंडाळून बघा. आवरण तडकलं तर आख्खा नवा, आज जोड देऊन उद्या दुसरीकडे फुटणार. लवचीक असेल तर ठेवा, फक्त सांधे नवे करा.

एलईडीचं काय? गिऱ्हाईक हमखास विचारतं. एलईडीला करंट थोडा लागतो, त्यामुळे खराब अर्थवरही तो झगझगीत लागतो. तीच अडचण आहे. दोष तसाच राहतो, फक्त झाकला जातो. शिवाय जुना गरम पत्तीचा फ्लॅशर २१ वॅटच्या बल्बांच्या लोडवर चालतो, एलईडी लावले की इंडिकेटर नीट लुकलुकत नाही, फ्लॅशर बदलावा लागतो. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला तर लाइट गुलाबीसर दिसतो, लालच घ्या. आणि ब्रिटिश गाडी आली तर आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो, साधा एलईडी तिथे पेटणारच नाही. माझं मत विचाराल तर आधी अर्थ, मग बल्ब, मग हवं तर एलईडी.

आता बिल

आपलं चॅनेल धंद्याचं, म्हणून हे स्पष्टच लिहितो. “वायरिंगसकट” असा एकरकमी आकडा जुन्या गाडीला देऊ नका. दोन भाग करा. पहिला, तपासणी. समजा तुमचा तासाचा दर ५०० रुपये आहे. दोन तासांची तपासणी १,००० रुपये, दोष सापडो न सापडो, आणि काय मोजलं ते लेखी देणार. दुसरा भाग, दुरुस्ती, तपासणीनंतरच आकडा. गिऱ्हाईक म्हणेल, नुसतं बघायचे पैसे कसले? त्याला विचारा, डॉक्टर एक्स-रे फुकट काढतो का? पण एक्स-रे दाखवावा लागतो, हेही तितकंच खरं.

तो दाखवायचा जॉबकार्डवर. गाडी आली त्याच दिवशी, रंगाला जायच्या आधी, चारही मागच्या दिव्यांचे आकडे लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. डावा ब्रेक ९.१, उजवा ११.६, असे. काम झाल्यावर त्याच्याच शेजारी नवे आकडे. डावा ११.९, उजवा ११.९. मीटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. “तुम्ही बिघडवलं” हा वाद मिटतो आणि ७०० रुपयांची मजुरी का लागली हेही समजतं. दोन दिवस बल्ब बदलत बसलेल्या माणसाकडे दाखवायला काय असतं? जुने बल्ब. त्याचे पैसे कोण देणार?

गाडी द्यायच्या दिवशी हेडलाइट, टेल, ब्रेक आणि इंडिकेटर सगळं एकदम चालू करून इंजिन दहा मिनिटं फास्ट आयडलवर ठेवा. मग डिकीतले कनेक्टर, फ्यूजबॉक्स आणि नवा अर्थ बोल्ट एकेक करून बोटाने चाचपा. कुठलाही सांधा गरम लागला तर तिथे अजून व्होल्ट पडतायत, गाडी सोडू नका. नंबरप्लेटचा दिवा शेवटी बघा, तो सगळेच विसरतात आणि आरटीओचा माणूस नेमका तोच विचारतो.